पर्याय तिसरा: मामेबहीण

सर्व पेन टेबल आहेत. काही टेबल खुर्च्या आहेत. तर काही पेन खुर्च्या आहेत, हे अनुमान बरोबर की चूक?

हा प्रश्न पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटलं, उठले आणि गोठ्यात जाऊन म्हशीला वैरण टाकली. म्हैस निदान म्हैस तरी असते. पण वयात बसणारी माझी ती शेवटची भरती होती, म्हणून हात धुऊन परत पुस्तकापाशी येऊन बसावं लागलं. मला एका सरकारी खात्यात कनिष्ठ लिपिक व्हायचं होतं. आलेलं पत्र आवकला चढवायचं, गेलेलं जावकला, साहेबांची सही घ्यायची. एवढ्यासाठी पेन हे टेबल असल्याचं मुकाट मान्य का करावं लागतं, हे मला अजूनही कोणी समजावून सांगितलेलं नाही.

माझं माहेर कडेगाव तालुक्यात आणि सासर पाटणकडे. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, माझ्या वडिलांची बहीण. आमच्याकडे मुलाला मामाची मुलगी करणं हा रिवाजच आहे. मामाला मुलगी असताना बाहेरची आणली तर लोक काळजीने विचारतात, का हो, बहीणभावात काही वाजलंय का? त्यामुळे लग्नानंतर मला एकही नवं नाव शिकावं लागलं नाही. आत्याला आत्या, तिच्या नवऱ्याला मामा, तेच पुढे चालू राहिलं. फरक एवढाच, की आधी आत्याला 'अगं' म्हणायचे, ती आता 'अवो आत्या' झाली. आणि लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत ज्याच्या पाठीवर मी शेणाचा गोळा मारला होता, त्याला 'अहो' म्हणायला लागले.

लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी एकच मागणं मागितलं होतं. पोरगी बी.कॉम. झालीय, तिला नोकरी करू द्या. त्यावर आत्या भर बैठकीत म्हणाली, "करू द्या काय, दादा? मीच लावती तिला नोकरीला. न्हाई लावली तर तुझ्या दारात पाय ठिवायची न्हाई."

आत्या असं काहीबाही नेहमीच बोलते. दूधवाल्याला म्हणते, परत तुझं तोंड बघायची न्हाई, आणि संध्याकाळी त्यालाच चहा पाजते. त्यामुळे बैठकीतलं कोणी मनावर घेतलं नाही. तिने मात्र घेतलं. माझी पहिली परीक्षा हुकली, त्या वर्षी ती भाऊबीजेला गेली, पण पाणी पिऊन परत आली. पुढची हुकली तेव्हा म्हणाली, म्हस व्यायला झालीया, आवंदा जमायचं न्हाई. त्याच्या पुढच्या वर्षीही म्हैसच आडवी आली. आमची म्हैस दर भाऊबीजेलाच कशी व्यायला होते, असं वडिलांनी कधी विचारलं नाही. ते फोनवर मला म्हणायचे, "भनीला सांग, नोकरी गेली खड्ड्यात, तू ये." आत्या चुलीपाशी बसून मला हाताने खुणा करायची, रानात गेली म्हणून सांग.

तेव्हा त्या शेवटच्या परीक्षेवर माझी नोकरी तर होतीच, आत्याचं माहेरही होतं. वय उलटलं असतं तर ती त्या दारात पुन्हा गेली नसती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं.

आता अभ्यासाचं सांगते. नवरा फौजेत, लांब कुठेतरी बर्फात. तो फोनवरून एवढंच म्हणायचा, "टेन्शन घेऊ नको." घरात शिकवणी घ्यायला होते मामा, म्हणजे माझे सासरे. मामा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दूध डेअरीला गेलं, माझी पोरगी शाळेत गेली, की कट्ट्यावर सतरंजी टाकायचे, गाइड उघडायचे, चष्मा लावायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "रेडी?" आत्या शेजारी सूप घेऊन बसायची. तिला कोणी बोलावलेलं नसायचं.

मामांचं तत्त्व सोपं होतं. पुस्तकाच्या शेवटी छापलेली उत्तरं, म्हणजे आन्सर की, ही वरून आलेली ऑर्डर. ऑर्डरवर बोलायचं नाही. आत्याचं तत्त्व त्याहून सोपं होतं. छापलेलं प्रत्येक उत्तर चूक. या दोघांच्या मधे बसून मी बुद्धिमत्ता वाढवत होते.

"गाय : वासरू, तर म्हैस : काय?" मामा विचारायचे.

"रेडकू," मी म्हणायचे.

"बराबर."

"रेडा का पारडी?" आत्या सुपातून मान वर न करता विचारायची. "पारडी झाली तर पेढं वाटायचं. रेडा झाला तर कोण हौसेनं सांगतंय?"

"अगं, पुस्तकात तसलं काय न्हाई."

"मग पुस्तक लिवणाऱ्याच्या दारात म्हस न्हाई."

एकदा प्रश्न आला, ऊस : साखर, तर दूध : काय? मी दही म्हटलं. मामांनी शेवटचं पान उघडलं आणि मान हलवली. की म्हणत होती, तूप. खाली स्पष्टीकरण होतं, उसापासून साखर बनते, त्याचप्रमाणे दुधापासून तूप बनते. मी म्हटलं, मामा, दुधापासून दहीपण बनतं की, दह्याचं काय बिघडलं? मामा म्हणाले, "की तूप म्हणती." आत्या म्हणाली, "आदी इरजण लावायचं, मग दही, मग घुसळायचं, मग लोणी, मग कडवायचं, तवा तूप. मदलं समदं कोण करनार? तुमची की करनार व्हय?" त्या दिवशी पुढचा प्रश्न झालाच नाही. दोघांचं भांडण तुपावरून निघालं आणि मामांनी कुठल्याशा लग्नात तूप कमी वाढल्याची तक्रार केली होती तिथे जाऊन थांबलं. माझा मात्र सकाळचा सगळा वेळ गेला. पुस्तक घेऊन शेतात जाऊन बसावं असं मला कितीदा तरी वाटायचं, पण शेतातही दोघं मागून यायची.

दिशांचे प्रश्न सोपे असतात असं क्लासचे सर म्हणायचे. रविवारी मी कराडला क्लासला जायचे. एक माणूस उत्तरेकडे चालतो, डावीकडे वळतो, पुन्हा डावीकडे वळतो, तर तो आता कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे? क्लासमध्ये मला हे पटकन यायचं. घरी मामा त्या माणसाच्या मागे लागायचे. नकाशा नाही, होकायंत्र नाही, माणूस वळतोय का सारखा? आणि आत्याला उत्तर-दक्षिण चालायचंच नाही. तिच्यासाठी एक वाट वर कोयनेकडे जाते आणि एक खाली कराडकडे, तिसरीची कधी गरज पडली नाही. "त्यो गडी वर गेला का खाली, येवढंच सांगा," ती म्हणायची. गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ मित्रांचं तर विचारूच नका. त्यांच्यात वयाने मोठा कोण, आधी ताट कोणापुढे ठेवायचं, हे ठरल्याशिवाय ती कोणाला कोणाच्या उजवीकडे बसू द्यायची नाही.

हे सगळं सहन केलं असतं. पण माझे गुण जात होते ते नातेसंबंधांत, आणि याचाच मला जास्त संताप यायचा. आमच्या घरात जेवढी नाती आहेत तेवढी त्या गाइड लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांत नसतील. सर म्हणायचे, आकृती काढा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवराबायकोमधे आडवी रेघ, मुलांना खाली उभी रेघ. मी काढायचे. पण त्यांच्या आकृतीत रेघ एकदा घराबाहेर गेली की परत येत नाही. आमच्यात ती दोन पावलं जाते आणि वळून घरातच येते. माझ्या आकृतीची जाळी व्हायची. सर वही बघून म्हणाले, "मॅडम, घर विसरा. प्रश्नात दिलंय तेवढंच खरं." कसं विसरू? रोज सकाळी उठून त्याच घराला चहा करून देत होते.

एक दिवस मामांनी वाचलं, "एका स्त्रीकडे बोट दाखवून एक पुरुष म्हणतो, हिच्या वडिलांची एकुलती एक बहीण ही माझी आई आहे. तर ती स्त्री त्या पुरुषाची कोण? एक, भाची. दोन, पत्नी. तीन, मामेबहीण. चार, नणंद."

"बायको," आत्या म्हणाली. "आणि कोण? ह्यात इचारायचं काय हाय?"

मीही तेच म्हणणार होते. तोंडातून शब्द निघायचाच बाकी होता.

मामांनी शेवटचं पान उघडलं. चष्मा पुसून पुन्हा एकदा बघितलं. मग हळूच म्हणाले, "की मामेबहीण म्हणती."

आत्याने सूप खाली ठेवलं. "म्हंजे? माझा ल्योक भनीसंगं नांदतोया व्हय?"

"तसं न्हाई गं..."

"मग कसं? दादाची ल्येक, माझा ल्योक, मीच जमावलं. गावजेवण घातलंय. आणि हे कोण सांगनार, भन म्हणून? फाडा ती की."

फाडली नाही, पण त्या दिवशी मामाही तिला ऑर्डर म्हणून दटावू शकले नाहीत. दुपारी मी एकटीच भांडी घासत होते तर येऊन उभे राहिले. म्हणाले, "पोरी, मला कळलंय ते. हे पुस्तक तिकडच्या मानसानं लिवलंय." मग सांगितलं. त्यांच्या पलटणीत उत्तरेकडचा एक हवालदार होता, जिवाला जीव देणारा. मामांनी त्याला हौसेने सांगितलं, मुलाचं लग्न ठरलं, बायकोच्या भावाची मुलगी केली. तो गडी ताटावरून उठला. मामाची मुलगी म्हणजे त्यांच्यात बहीण, राखी बांधणारी. त्याला वाटलं, एवढा चांगला माणूस आणि असा कसा निघाला. तो सुट्टीवर निघाला तेव्हा मामांनी पेढे दिले, तेही त्याने घेतले नाहीत. "त्याचं बी चुकलं न्हाई," मामा म्हणाले. "त्यांच्यात तसंच आसतंय. तू आता आसं कर. परश्नातली मानसं आपली न्हाईतच समज. ती तिकडची."

आणि खरं सांगते, याचा उपयोग झाला. त्या दिवसापासून मामा प्रत्येक प्रश्नाआधी घोषणा करायचे, "तिकडची बाई, तिकडचा बाप्या." मी डोळ्यांसमोर तो न पाहिलेला हवालदार आणायचे, त्याचं घर, त्याची राखी बांधणारी मामेबहीण. रेघा सरळ यायला लागल्या. सराव चाचणीत नातेसंबंध पहिल्यांदा पूर्ण बरोबर आले. सर म्हणाले, "बघा, घर विसरलात ना?" मी हो म्हटलं. आत्या मात्र शेवटपर्यंत धुसफुसत होती. सुपात धान्य पाखडता पाखडता विचारायची, "मामाच्या घरात पोरगी आसताना ह्यांची पोरं बायका हुडकत फिरत्यात? आणि मग सुगीला हक्कानं कुणाला बोलवत्यात?" पण आता ती कीला चूक म्हणायची नाही. तोंड दाबून बसायची. तिच्यासाठी हे फार होतं.

परीक्षेचं केंद्र शिरवळच्या पुढे, हायवेवरून आत गेलेल्या एका कॉलेजात आलं. साताऱ्यात दोन कॉलेजं सोडून एवढ्या लांब का, हे विचारायचं नाही, तीपण ऑर्डरच. पोरीला शेजारी ठेवून आम्ही तिघं निघालो. दोघांनीही घरी राहावं म्हणून मी आदल्या दिवशी भांडले होते. काही उपयोग झाला नाही.

गेटवर तपासणीला बसलेल्या बाईने सांगितलं, अंगावर काही ठेवायचं नाही. बांगड्या काढल्या, कानातलं काढलं. मग तिने मंगळसूत्राकडे बोट केलं. मला वाटलं, आता इथे भांडण पेटणार आणि मी आत जाईपर्यंत पेपर संपणार. आत्या पुढे आली, त्या बाईकडे बघितलं, आणि तिनेच माझ्या गळ्यातून मंगळसूत्र काढलं. पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचलं. "जा," म्हणाली. "कुणाचं काय ऐकू नगं. की काय म्हणंल तेच लिव." मी मागे वळून बघितलं नाही, नाहीतर तिथेच रडू आलं असतं.

पेपर बरा होता. पेन, टेबलं, खुर्च्या, सगळी मंडळी आली होती. मी एकेकाला मुकाट मान्य करत गेले. वेळ संपत आला तेव्हा स्क्रीनवर एक प्रश्न आला. एका महिलेची ओळख करून देताना एक पुरुष म्हणाला, 'हिच्या आत्याचा मी एकुलता एक मुलगा.' तर ती महिला त्या पुरुषाची कोण? मला हसूच आलं. एवढ्या मेहनतीनंतर एक तरी सोपा प्रश्न आला म्हणायचा. आकृतीसुद्धा काढावी लागली नाही. पर्याय दुसरा, पत्नी. टिचकी मारली आणि पुढे गेले.

बाहेर आले तेव्हा दोघं लिंबाच्या झाडाखाली बसली होती. आत्याने पदराची गाठ सोडली, मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं आणि विचारलं, "नात्याचं काय आलं हुतं?" मी उत्साहाने सांगायला लागले. लय सोपा होता, हिच्या आत्याचा मी एकुलता एक मुलगा... आणि वाक्य अर्ध्यावर सोडून मी मामांकडे बघितलं.

"मग काय लिवलंस?" मामांनी विचारलं.

"पत्नी," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, जगात एक तरी माणूस माझ्या बाजूने उभा राहील. आत्याने कपाळावर हात मारला. "आगं येडे! परीक्षेत तसं लिवायचं आसतंय व्हय? की काय म्हणती ठावं न्हाई तुला? तीन म्हैनं काय केलंस मग? तिकडची बाई न्हवं का ती!"

"अवो आत्या, तुम्हीच म्हणाला होता बायको!"

"मी काय परीक्षा देतीया व्हय?"

मला इतका राग आला, इतका राग आला, की शिरवळ ते सातारा मी खिडकीतून बाहेर बघत बसले. राग आत्याचा होता, मामांचा होता, त्या हवालदाराचाही होता. सगळ्यात जास्त माझा मला. तीन महिने घर विसरायला शिकले आणि नेमक्या वेळी घरी जाऊन बसले. शेवटी मामा म्हणाले, "की आजून आली न्हाई." ते उत्तरतालिकेवर शंका घेत होते, हे मी पहिल्यांदाच बघितलं. आत्या पदराचं रिकामं टोक बोटाभोवती गुंडाळत होती.

की आली. पर्याय तिसरा, मामेबहीण. सोबत सूचना होती, हरकत असल्यास पुराव्यासह नोंदवावी. पुरावा म्हणून प्रमाणित पुस्तकाचं पान जोडा, असं लिहिलं होतं. आत्या म्हणाली, "पुस्तक कशाला? लग्नाचा दाखला जोड." मी रागाच्या भरात खरंच जोडला. हरकतीत लिहिलं की सदर प्रश्नातील वर्णन माझ्या पतीस व मला तंतोतंत लागू पडते, आमचा विवाह नोंदणीकृत आहे, सबब पर्याय दोन हाही योग्य धरावा. नवऱ्याला फोनवर वाचून दाखवलं तर तो एवढा हसला की त्याच्या मागची माणसंही हसायला लागली. "पुरावा म्हणून मी स्वतः रजा टाकून येऊ का?" म्हणाला. मी फोन ठेवून दिला. ज्याच्यावरून एवढं रामायण चाललंय त्यालाच तेवढं हसू येत होतं.

हरकतीचं उत्तर एका ओळीत आलं. अमान्य.

आणि निकालात माझं नाव प्रतीक्षा यादीत. वर कुठेतरी, पण प्रतीक्षेत. तो एक प्रश्न बरोबर असता तर मी मुख्य यादीत असते, हे मी परतपरत मांडून बघितलं, आणि दर वेळी उत्तर तेच आलं. दिवाळी आली. वडिलांचा फोन आला. आत्याने मला हाताने खूण केली, म्हस व्यायला झालीया म्हणून सांग. आमच्या गोठ्यात तेव्हा म्हैस गाभणसुद्धा नव्हती. तरी मी म्हस व्यायला झालीया असंच सांगितलं. वडील म्हणाले, "बरं, बरं. जपून ऱ्हावा म्हणावं." फोन ठेवल्यावर आत्या परड्यात गेली आणि उगीचच झाडत बसली. झाडायला तिथे काही नव्हतं. मला वाटलं, परीक्षा द्यायच्याच नव्हत्या मी. कोणाचं काय अडलं होतं?

उन्हाळा लागला तेव्हा मेल आला. यादीतलं कोणीतरी रुजू झालं नव्हतं. मूळ कागदपत्रांसह साताऱ्याला हजर राहावे. मामा पोरीला आणि म्हशीला सांभाळायला घरी थांबले. आत्या आली. तिला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

टेबलापलीकडचा कारकून कागद चाळत होता. पदवीवर माझं माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. त्याने मान वर केली. "नाव बदललंय. लग्न झाल्याचा पुरावा आणलाय?"

मी पिशवीतून तोच दाखला काढला, हरकतीला जोडलेला, अमान्य झालेला, आणि त्याच्यासमोर ठेवला. मला गप्प बसवेना. म्हटलं, "साहेब, तुमच्याच खात्याने मला सांगितलंय, मी ह्यांची मामेबहीण आहे म्हणून. आता तुम्हीच बायको असल्याचा पुरावा मागताय. एकदा काय ते ठरवा."

त्याने दाखला वाचला. मागे उभ्या आत्याकडे बघितलं. "ह्या कोण?"

"सासू."

"आत्या," आत्या त्याच वेळी म्हणाली.

कारकून हसला. आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "वैनी, माझी बी मामाचीच हाय. माझ्या पेपरात बी आला हुता त्यो परश्न."

"मग?"

"मामेबहीण लिवलं. घरी आजून सांगितलं न्हाई." आणि त्याने दाखल्यावर शिक्का मारला.

दुपारनंतर नेमणुकीचा आदेश हातात मिळाला. कराडची नेमणूक होती, रोज जाऊन-येऊन करता येईल अशी. मामांना फोन केला. ते म्हणाले, "शाबास," आणि लगेच पोरीला हाका मारायला लागले. स्टँडवर पाटणची गाडी लागलेली होती. मी आत्याचा हात धरून तिकडे निघाले तर तिने हात सोडवून घेतला आणि कडेगाववरून जाणाऱ्या विट्याच्या गाडीकडे चालायला लागली.

"अवो आत्या, आपली गाडी ही!"

"ती तुझ्या सासरची," ती न थांबता म्हणाली. "मला माहेराला जायचं हाय. येनार आसशील तर ये. तुझं बी त्येच हाय."

गाडीत तिने तो आदेश माझ्याकडून मागून घेतला आणि मांडीवर सरळ धरून बसली, घडी पडू दिली नाही. वाचता येत असून वाचला नाही.

घराकडे पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वडील अंगणात पाइप धरून पाणी मारत होते. आम्हाला बघून पाइप तसाच हातात राहिला, पाणी त्यांच्याच पायावर पडत होतं. आत्या उंबऱ्याच्या अलीकडे थांबली. मला खांद्याला धरून पुढे केलं, तो कागद माझ्या हातात दिला.

"घे तुझी ल्येक," ती म्हणाली. "लावली नोकरीला."

वडिलांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. ते तिच्याकडे बघत होते. पाइप खाली टाकला, हात धोतराला पुसले आणि विचारलं, "म्हस व्याली का गं?"

आत्या उंबऱ्यातच बसली आणि मोठ्याने रडायला लागली.